नवऱ्याच्या तीन खेपा आणि पेताची एक

वेन्सी गारिंगालाओची खुर्चीवरची नऊ वर्षं भरत आली तेव्हा एक दिवस त्याच्या घरी अख्खं डुक्कर भाजलं, आणि गल्लीतल्यांना वाटलं कुणाचं तरी लग्न ठरलंय. ठरलं होतं तसंच काहीसं. फक्त नवरीला कुणी विचारलं नव्हतं.

वेन्सीला कामान्सी गावात आणि आजूबाजूच्या साऱ्या किनाऱ्यावर बोकाल वेन्सी म्हणत. बोकाल म्हणजे प्रांतमंडळाचा सभासद. तीन वर्षांची एक खेप, अशा लागोपाठ तीन खेपा बसता येतं, चौथ्यांदा नाही. कायदाच तसा आहे. एकाच माणसाने खुर्चीला मुळं फुटेपर्यंत बसू नये, नवी माणसं यावीत, असं कायदा करणाऱ्यांच्या मनात होतं. चांगलंच होतं मनात. पण एक खेप बाहेर राहिलं की पुन्हा पहिल्यापासून तीन खेपा मिळतात, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे मधली तीन वर्षं खुर्ची धरून ठेवायला माणूस हवं, आणि असं हवं की उठ म्हटलं की उठेल. भाऊ चालत नाही, भाऊ उठत नाही. मुलगा चालत नाही, त्याची सासुरवाडी उठू देत नाही. राहिली बायको.

त्या साली प्रांतात एकदम चार बोकालांच्या खेपा संपत होत्या. चौघे एकाच पक्षाचे. चौघे वेन्सीच्या ओसरीवर माडीचे पेले घेऊन बसले आणि डुकराची कुरकुरीत साल खाता खाता त्यांनी चार बायका उभ्या करायचं ठरवून टाकलं.

वेन्सीची बायको पेर्पेतुआ. पेता म्हणायचे तिला, लहान माणसं मनांग पेता. मनांग म्हणजे थोरली बहीण. ती मागच्या अंगणात उखळात जवळा कुटत होती. खारवलेला जवळा कुटून कुटून त्याच्या वड्या करायच्या, तो तिचा धंदा. तिचा हा गिनामोस तीन बाजारांत जायचा.

"पेता, ए पेता! हात धू आणि इकडे ये जरा," वेन्सीने हाक मारली.

"हात धुतले तर उखळाकडे कोण बघणार? तिथूनच बोल."

"अगं, तू बोकाल होतेयस."

"कधी?"

"मे महिन्यात."

"मेमध्ये जवळा येतो."

ओसरीवर हसू पिकलं. वेन्सी उठून मागे आला, तिच्याजवळ उकिडवा बसला. "तुला काही करायचं नाही गं. मऊ खुर्ची असते, गार हवा असते. तीन वर्षं बसायचं आणि मग मला द्यायची."

"नऊ वर्षं तर म्हणत होतास, फार कष्टाचं काम आहे म्हणून."

ओसरीवरचे तिघे आपापल्या पेल्यात बघायला लागले.

तर अशी पेता उभी राहिली. भिंतीभिंतीवर दोघांचे चेहरे लागले. वेन्सीचा कलिंगडाएवढा, तिचा लिंबाएवढा. खाली लिहिलेलं, 'तेच काम, तेच घर.'

पेताचं शिक्षण चौथीपर्यंत. तिचं माहेर तालिसाय बेटावर, आणि बेटावर शाळा चौथीपर्यंतच होती, पुढचं शिकायचं तर रोज होडी. वेन्सी तेव्हा तीनचाकी चालवायचा. आवाज मोठा म्हणून तीनचाकीवाल्यांचा पुढारी झाला, आणि पुढारी झाला म्हणून आवाज आणखी मोठा झाला. बोकाल झाल्यावर त्याला कुठे वेळ? पण आमच्याकडे मयतीच्या घरी गेला नाही तो पुढारी कसला! शवपेटी सात सात दिवस घरात असते, लोक येऊन बसतात, कॉफी पितात, पत्ते कुटतात, आणि कोण आलं नाही ते बरोबर लक्षात ठेवतात. वेन्सीच्या वतीने तिथे पेता जायची, बिस्किटांचा डबा घेऊन. नऊ वर्षं ती अशी जात राहिली. कोण कशाने गेलं, मागे कोण उरलं, कुणाची सून पोटुशी आहे, सगळं तिला तोंडपाठ. लोकांनी मतं दिली ती त्या डब्याकडे बघून. वेन्सीला वाटायचं, भाषणाकडे बघून.

आणखी एक सांगायला हवं. दुसऱ्या बाळंतपणाला पेता माहेरी होती. कळा आल्या, होडी निघाली, आणि अर्ध्या वाटेत पोरगं बाहेर आलं. नावाड्याने अंगातला शर्ट काढून दिला गुंडाळायला. त्या शर्टाच्या वासामुळे माझा पोरगा अजून मासळीला नाक मुरडतो, असं ती हसून सांगायची. दोन वर्षांनी त्याच पाण्यावर तिची चुलतबहीण गेली, पोटातल्या बाळासकट. ते ती सांगायची नाही.

चारही बायका निवडून आल्या. पेता पहिल्या दिवशी प्रांतमंडळातल्या आपल्या खोलीत गेली, तर खुर्चीवर वेन्सी.

"सवयीने बसलो गं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही सवयीने बसला. तिसऱ्या दिवशी पेताने घरून लाकडी पाट आणला आणि दाराशीच ठाण मांडलं. आलेला माणूस दारात तिला भेटायचा, बोलायचा, आणि तिथूनच परत जायचा. आत मऊ खुर्चीवर वेन्सी गार हवा खात एकटा. महिन्याभरात कंटाळला आणि कोंबड्यांच्या झुंजीला जायला लागला.

जायच्या आधी त्याने तिला सभेत बोलायचं एक वाक्य शिकवलं होतं. चारही नवऱ्यांनी आपापल्या बायकांना तेच शिकवलं. "माझं अनुमोदन." ठराव मांडायचे गव्हर्नरसाहेबांच्या खास माणसाने, बोकाल एलिसेओने, आणि बायकांनी म्हणायचं, माझं अनुमोदन. पेता इमानेइतबारे म्हणायची. एकदा एकाने मांडलं, सभा मंगळवारी घ्या. दुसऱ्याने मांडलं, बुधवारी घ्या. पेताने दोघांनाही अनुमोदन दिलं.

सभा चालवायला उपगव्हर्नर असायचे. ते म्हणाले, "मनांग, असं चालत नाही. एकालाच द्यायचं."

"का बरं? दोघांनी इतक्या आशेने हात वर केला. मी कुणाचं मन का मोडू?"

मग समित्या वाटल्या. रस्ते, बंदर, खाणी, पैसा, या समित्या पुरुषांनी आपसात वाटून घेतल्या, आणि 'महिला, बालक आणि कुटुंब' समितीत चारही बायका घातल्या. एक अध्यक्ष, एक उपाध्यक्ष, दोन सदस्य. दुसरीकडे कुठेही नाही. खोली मिळाली जिन्याखालची. एलिसेओ म्हणे मित्रांना म्हणाला, "चला, गोठ्यात बांधून झालं."

आता चार बायकांना एका खोलीत घालून दार लावायचं आणि त्या काय बोलतात ते कुणीच ऐकायचं नाही, ही चूक फक्त आमच्याच प्रांतमंडळाचे पुरुष करू जाणोत.

पेताची मैत्री जमली तान्सियाशी. तान्सिया शेजारच्या गावच्या बोकालाची बायको, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली. पहिले दोन आठवडे चौघींनी नवऱ्यांच्या तक्रारी केल्या. तिसऱ्या आठवड्यात तक्रारी संपल्या नव्हत्या, पण तोच तोचपणा यायला लागला. तेव्हा पेताने तालिसाय बेटावरच्या होडीची गोष्ट काढली. शर्टाचीही सांगितली, आणि पहिल्यांदाच चुलतबहिणीचीही.

तान्सियाने चष्मा पुसला. "बेटावर बाळंतघर का नाही?"

"कुणी मागितलंच नाही."

"मग आपण इथे काय गोट्या खेळतोय?"

तान्सियाने कागद तयार केला. बेटावर बाळंतघर, दोन खाटा, एक सुईण, एक दिवाबत्तीचं यंत्र. कागदावर वर लिहिलं होतं 'महिला, बालक आणि कुटुंब', म्हणून मंडळातल्या एकाही पुरुषाने तो उलगडून पाहिला नाही. वर्षाच्या खर्चाच्या बाडात तो मधेच कुठेतरी शिवला गेला आणि बाडाबरोबर मंजूर झाला. अनुमोदन अर्थात पेताचंच.

त्याच सुमाराला राजधानीहून एक संस्था आली. प्रांतमंडळातल्या बायका एका निवडणुकीत शून्यावरून चारवर गेल्या, असं देशात दुसरीकडे कुठे झालं नव्हतं म्हणे. त्यांनी मोठा समारंभ केला, काचेची ढाल दिली. चारही नवरे पहिल्या रांगेत. ढाल घ्यायला बायका उठल्या तेव्हा पर्सा धरून बसले बिचारे, आणि फोटोच्या वेळी पर्सांसकट मंचावर चढले.

संस्थेची बाई तरुण होती, मनापासून काम करणारी. जेवताना वही उघडून पेताच्या शेजारी बसली.

"मनांग, हे परिवर्तन नेमकं कशामुळे घडलं?"

"आमच्या चौघींच्या नवऱ्यांची मुदत संपली."

बाईने तिचा हात हातात घेतला. "चौघींचेही? अरेरे! एकदमच?"

"अगं, जिवंत आहेत ते! ते काय तिकडे, डुकराच्या कानावरून भांडतायत."

बाईने लिहिलेलं खोडलं. मग विचारलं, "आणि पुढे? पुढच्या निवडणुकीत हा आकडा आणखी वाढेल?"

पेताने नवऱ्यांच्या टेबलाकडे बघितलं. "आत्ता चार आहोत ना? मोजून ठेव," ती म्हणाली. "नंतर पुन्हा मोजायला ये."

अशी सव्वादोन वर्षं गेली. बेटावर जागा ठरली, दगड आले, चर खणायला माणसं जायला लागली. आणि सप्टेंबरात गव्हर्नरसाहेबांना कमान हवीशी वाटली.

प्रांताच्या हद्दीवर जुनी कमान होती, तिच्यावर मागच्या गव्हर्नरचा चेहरा. निवडणूक आठ महिन्यांवर, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मागचाच माणूस दात दाखवतोय, हे काही बरं दिसत नव्हतं. नवी कमान दोन्ही बाजूंनी चेहरा असलेली हवी होती. येणाऱ्याला सुस्वागतम, जाणाऱ्याला पुन्हा या. पैसा कुठून काढायचा म्हणून बाड चाळलं, तेव्हा कुठे एलिसेओला ते बाळंतघर दिसलं. बेटावर मतं किती? मूठभर. कमानीखालून जाणार किती? सगळा प्रांत. त्याने हिशेब लावून टाकला.

त्याने दिवसही हुशारीने निवडला. कमान कुणाच्या माणसाने बांधायची यावरून पुरुष बोकाल भांडत बसणार, हे त्याला माहीत होतं. म्हणून चौघांना अभ्यासदौऱ्यावर धाडलं, पांढऱ्या वाळूच्या एका किनाऱ्यावर, काय अभ्यासायला देव जाणे. राहिले सहा. सभा चालवायला लागतात तेवढेच, एकही जास्त नाही. एलिसेओ स्वतः, चार बायका, आणि म्हातारे बोकाल क्लेतो, जे सभा सुरू झाली की झोपत आणि संपली की उठत. सभेत त्यांची झोप कधी मोडली नव्हती.

सकाळी वेन्सी भात खाता खाता म्हणाला, "आज एलिसेओ कमानीचं मांडणार आहे. तू आपलं नेहमीचं म्हण."

"आणि बाळंतघर?"

"होईल गं पुढच्या साली. बायकांना काय, बाळंत व्हायची सवय असते."

पेताने त्याच्या पुढ्यातली गिनामोसची वाटी उचलली आणि आत नेऊन ठेवली. भात तसाच कोरडा गिळला त्याने.

सभेआधी जिन्याखालच्या खोलीत चौघी भेटल्या. फारसं बोलणं झालं नाही. तान्सिया एवढंच म्हणाली, "माझा घसा सकाळपासून बसलाय बाई. एक शब्द फुटेल तर शपथ."

"माझाही," दुसरी म्हणाली.

"घशाची साथच आहे," तिसरी म्हणाली.

एलिसेओ उभा राहिला. प्रांताची शान, पाहुण्यांवरची पहिली छाप, भावी पिढ्या, असं सगळं बोलला. भावी पिढ्या जिथे जन्मणार होत्या तिथला पैसा काढून घेतोय हे बोलला नाही. मग त्याने ठराव मांडला आणि बसला, बसताना खिशातला कंगवा काढून केसही नीट केले.

"अनुमोदन?" उपगव्हर्नरांनी विचारलं.

वरचा पंखा तेवढा टकटक करत होता. तान्सियाने चष्मा काढून पुसायला घेतला. दुसरीने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं, तिसरी खिडकीबाहेरच्या माडाकडे अशी बघत होती की जन्मात माड पाहिला नसावा. पेता मात्र एलिसेओकडे बघून छान हसली. मयतीच्या घरी हसतात तसं, ओठ मिटून.

"मनांग पेता," उपगव्हर्नर म्हणाले, "ठरावाला अनुमोदन हवंय."

"हो, ऐकलं मी."

"मग?"

"तुम्हीच म्हणालात ना, एकालाच द्यायचं. मी बाळंतघराला दिलंय आधीच."

एलिसेओचा चेहरा शिजवलेल्या खेकड्यासारखा झाला. मांडणाऱ्याला स्वतःला अनुमोदन देता येत नाही, उपगव्हर्नरांनाही येत नाही. उरले म्हातारे क्लेतो. एलिसेओने त्यांच्या बरगडीत कोपर मारलं. "बोकाल! बोकाल क्लेतो! म्हणा ना!"

म्हातारे दचकून जागे झाले. इतक्या वर्षांत त्यांना जाग यायची ती सभा संपवायच्या वेळी, एकाच कामासाठी. ते ताडकन उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सभा तहकूब करावी, असा मी ठराव मांडतो!"

"माझं अनुमोदन!" चारही घसे एकदम सुटले.

हात वर झाले, पाच विरुद्ध एक. अनुमोदन न मिळालेला ठराव तीन महिने परत आणता येत नाही, असा त्या सभेचाच नियम. तो केव्हातरी एलिसेओनेच करून घेतला होता, विरोधकांसाठी.

संध्याकाळी वेन्सी घरात आला तो ओरडतच. "गव्हर्नरसाहेबांचा मला फोन आला! मला!"

"तुला कशाला? बोकाल तर मी आहे."

"तू नावाला आहेस, पेता! खुर्ची माझी आहे. नऊ वर्षांची माझी खुर्ची आहे ती!"

"नऊ वर्षांची खुर्ची वाळवीने खाल्ली. सरकारने मला नवी दिली."

वेन्सी खाली बसला. आवाज उतरला त्याचा. "हे बघ. साहेब म्हणाले, होऊ दे. तीन महिन्यांनी आणलं तरी कोणी बांधायची यावरून बाकीचे बोकाल भांडत बसणार, म्हणून आता निवडणुकीनंतरच. पुढच्या महिन्यात मी अर्ज भरतो, मेमध्ये परत बसतो, आणि बसल्या बसल्या कमानीला अनुमोदन देतो. तोवर बेटावरचं काम रेंगाळत ठेवायचं. असा शब्द दिलाय मी."

कळलं पेताला. खुर्ची गेली की बाळंतघर गेलं, इतकं सरळ होतं ते.

तिने आधी मैत्रिणींना विचारलं. दोघी म्हणाल्या, आमच्याकडे कागदसुद्धा नवऱ्यानेच भरून ठेवलेत. तिची आशा होती तान्सियावर.

तान्सिया म्हणाली, "पेता, तुला खरं सांगू? माझा नवरा सव्वादोन वर्षं घरात बसून मला मासे तळायला शिकवतोय. भांडी कशी लावायची ते शिकवतोय. परवा त्याने माझे मसाल्याचे डबे वर्णक्रमाने लावले. तो परत प्रांतमंडळात गेला नाही तर मी त्याला तळीन."

"म्हणजे तू उठणार."

"मी उठणार. पण तुझा अर्ज मीच लिहून देणार. तुझं अक्षर निवडणूकवाल्यांना लागायचं नाही."

अर्ज भरायचा आठवडा म्हणजे आमच्याकडे जत्राच. बाजा, टोप्या, एकाच रंगाचे सदरे. वेन्सीने बाजा ठरवला होता सकाळी दहाचा. पेता सात वाजताच निवडणूक कचेरीच्या दारात उभी. बरोबर तालिसाय बेटावरच्या नऊ बाया, दोघी पोटुशा, पहाटेच्या होडीने आलेल्या. बाजा नव्हता. एका बाईने पोराचा खुळखुळा आणला होता, तोच वाजवत होती.

आतल्या कारकुनाने कागद बघितले. "मनांग, पक्षाचं पत्र?"

"पक्ष दहा वाजता बाजा घेऊन येतोय. पत्र त्याच्याकडे आहे."

"मग तुम्ही अपक्ष?"

"तेच लिही."

एवढ्यात बाजा आलाच, दहाच्या आधी, कारण गावात कुणीतरी चुगली केली होती. सगळ्यात पुढे वेन्सी, कपाळावर घाम. पेताला खिडकीशी बघून त्याने हात वर केला, तरी ढोलवाला आणखी चार ठोके मारूनच थांबला.

"पेता, घरी चल."

"माझा नंबर लागलाय."

"लोक बघतायत!"

"तूच तर बाजा आणलास, लोकांनी बघावं म्हणून."

"अगं, पण ठरलं होतं ना आपलं? तीन वर्षं तू, मग मी!"

"ठरवताना मी उखळाशी होते, वेन्सी. ओसरीवर तुम्ही चौघे होता." पेताने कारकुनाकडे वळून विचारलं, "का रे, लागोपाठ तीन खेपा बसता येतं, असंच आहे ना कायद्यात?"

"हो मनांग."

"बोकालाला, की बोकालाच्या नवऱ्याला?"

कारकून गडबडला. "बोकालाला."

"बाईला कमी, असं काही?"

"नाही मनांग. तीन म्हणजे तीन."

"ऐकलंस ना? तुझ्या तीन झाल्या. माझी एकच होतेय. माझ्या दोन राहिल्यात, त्या मी तुला कशा देऊ? कायदा मोडेल."

बेटावरच्या बाया हसल्या. बाजातला तुतारीवाला हसला, त्याची बायकोही तालिसायचीच होती. वेन्सीने चिडून आपलं पक्षाचं पत्र खिडकीत सरकवलं, आणि एकाच दिवशी, एकाच खिडकीत, एकाच घरचे दोन अर्ज जमा झाले.

पुढचे महिने त्या घरात कसे गेले असतील! आमच्या भागाच्या खुर्च्या पाच. मतपत्रिकेवर पाच नावांपुढचे गोळे काळे करायचे. नावं अक्षराच्या क्रमाने, त्यामुळे गारिंगालाओ पेता आणि गारिंगालाओ वेन्सी एकाखाली एक. रस्त्याकडच्या दोन खिडक्यांपैकी एकीत त्याचं पोस्टर, एकीत तिचं. तिचा चेहरा आता कलिंगडाएवढा. सकाळी दोघं एकाच टेबलावर कॉफी प्यायची, मग तो डावीकडे जायचा, ती उजवीकडे. सभेत तो म्हणायचा, "मी नऊ वर्षं तुमची सेवा केली." ती दुसऱ्या चौकात म्हणायची, "त्यांनी नऊ वर्षं सेवा केली, थकलेत ते. विश्रांती द्या." बाळंतघराच्या भिंती तेव्हा कमरेएवढ्या झाल्या होत्या आणि गवंडी येईनासे झाले होते. ती प्रत्येक सभेत तेवढंच सांगायची. कमरेएवढ्या झाल्यात. डोक्यापर्यंत न्यायच्यात.

मतदानाच्या दिवशी लोकांनी एक मार्ग काढला. खूप जणांनी दोघांनाही मत दिलं. एका म्हातारीने केंद्राबाहेर सरळ सांगितलं, "मनांग पेताला दिलं, माझ्या मुलाच्या मयतीला तीन दिवस बसली होती म्हणून. आणि वेन्सीला दिलं, तिच्या घरात भांडण नको म्हणून."

सूर्य मावळायच्या आत यंत्रांनी आकडे ओकले. पाच खुर्च्यांत पेता तिसरी. वेन्सी सहावा.

तान्सियाचा नवरा परत बसला, बाकीचे दोघेही बसले. चारांवरून एक बाई उरली प्रांतमंडळात, आणि ती मोजायला राजधानीहून कुणी आलं नाही. जिन्याखालच्या खोलीत झेरॉक्सचं यंत्र ठेवलं. नव्या माणसांना संधी मिळावी म्हणून केलेल्या कायद्याने तीन जुनी माणसं विश्रांती घेऊन ताजीतवानी होऊन परत आली. कायदा अगदी चोख चालला. एका घरात तेवढा अडखळला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पेताने गवंड्यांना निरोप धाडला आणि मग जेवायला वाढलं. वेन्सी बराच वेळ भात चिवडत होता.

"सहा वर्षांनी तुझ्याही खेपा संपतील," तो म्हणाला. आवाजात जरा आशा होती.

"संपतील की."

"मग?"

"बेटावरची नेनिता आहे ना, सुईण. चुणचुणीत आहे. तिला आत्तापासून बरोबर फिरवणार आहे मी."

"आणि मी?"

"तू मत द्यायचं." पेताने त्याच्या ताटात आणखी कालवण वाढलं आणि समोर बसली. "बरं, यंदा पाच गोळे होते. एक तुझा स्वतःचा. दुसऱ्या कुणाचा ते विचारत नाही, पण माझा काळा केलास का रे?"

वेन्सी मान खाली घालून ताटातला काटा शोधत बसला, बराच वेळ, अगदी मन लावून.

त्या दिवशी माकुलाचं कालवण होतं. माकुलाला काटा नसतो.